अंधुक डोळ्यांचा इतिहास आणि आपली इमारत

दिवाळीच्या आधी सेक्रेटरींचा फोन आला. "बाई, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." मी हो म्हटलं. पण 'लिहिणं' हा शब्द आता माझ्या बाबतीत तितकासा खरा नाही. हा लेख मी बोलले आहे आणि ए-विंगमधल्या अकरावीतल्या आपल्या मुलीने तो टाइप केला आहे. सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांच्या वह्यासुद्धा तिनेच मला वाचून दाखवल्या. त्यांतली सन २००० ते २००५ ची इतिवृत्तं माझ्या हातची आहेत. स्वतःचंच अक्षर दुसऱ्याकडून वाचून घेताना गंमत वाटली आणि थोडं वाईटही वाटलं.

टँकरच्या पाण्याचे दिवस, पहिला गणपती, पहिली निवडणूक हे सगळं या स्मरणिकेत इतर सभासद लिहिणारच आहेत. मी एका वेगळ्या विषयाचा इतिहास सांगणार आहे. उतारवयात नजर गेलेली माणसं स्वतःच्या घरात स्वतःच्या पायावर कशी राहत आली, आणि कशामुळे राहू शकली नाहीत, याचा. तो आपल्या इमारतीपर्यंत येऊन पोचतो. म्हणून थोडा धीर धरा.

सुरुवात माझ्या आजीपासून करते. वाईजवळच्या आमच्या खेड्यात ती मोठ्या घरात राहायची. मी आठ वर्षांची असताना, म्हणजे १९५५ च्या सुमारास, तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पांढरे झाले होते. तिने गड्याला सांगून मागच्या दारापासून तुळशीपर्यंत आणि तिथून न्हाणीघरापर्यंत काथ्याची दोरी बांधून घेतली होती. त्या दोरीवरून हात फिरवत ती पहाटे एकटी उठून सगळं आवरायची, तुळशीला पाणी घालायची, मग माजघरात बसून डाळी निवडायची. खडा तिच्या बोटांतून सुटत नसे.

धाकट्या काकांच्या लग्नात मांडव घालताना ती दोरी काढली. लग्नानंतर आजी दोन-तीनदा म्हणाली, "दोरी बांधा रे." सगळे म्हणाले, "आता कशाला दोरी? आम्ही आहोत ना!" आणि खरंच होते. हाताला धरून नेत होते, प्रेमाने नेत होते. पण प्रत्येक वेळी हाक मारायची, वाट बघायची, याचा तिला संकोच वाटू लागला. तिने पाणी पिणं कमी केलं, म्हणजे उठावं लागू नये. वर्षाच्या आत ती खाटेवरची झाली. तेव्हा मला यातलं काही कळलं नव्हतं. आता रोज कळतं.

आजीच्या मोतीबिंदूवर उपाय नव्हता असं नाही. सुश्रुतसंहितेत त्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे. जवाच्या टोकासारख्या शलाकेने धूसर झालेलं भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचं. उजेड आत यायचा. पण भिंगच जागेवर नसल्याने दिसायचं ते अस्पष्ट, आणि जखम पिकली तर डोळा जायचा. हीच पद्धत फिरत्या वैद्यांच्या हातून शेकडो वर्षं जगभर चालू राहिली. जर्मनीतला थोर संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर १७५० मध्ये एका फिरत्या इंग्रज वैद्याने दोनदा शस्त्रक्रिया केली. नजर आली नाहीच, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बाख वारला. त्याच काळात फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल याने भिंग ढकलण्याऐवजी बाहेर काढायला सुरुवात केली होती. तिथून खरी सुधारणा झाली. पण भिंग काढलेल्या माणसाला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. आपल्या पिढीने तो चष्मा घातलेले आजोबा पाहिलेले आहेत.

तो चष्मा गेला कसा, ही गोष्ट मी वर्गात आवडीने सांगायची. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायचे. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा त्यांना सहन करतो. मग त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग करून डोळ्यात का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याने ते प्रथम बसवून पाहिलं. पुढची कित्येक वर्षं मोठमोठे डॉक्टर त्याला नावं ठेवत होते. आज आपल्या इमारतीतल्या किती जणांच्या डोळ्यांत ते भिंग आहे, मोजा! आपल्या देशात १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईला डॉ. वेंकटस्वामींनी अरविंद नेत्र रुग्णालय काढलं, आणि त्यांच्या संस्थेने १९९२ पासून ही भिंगं इथेच स्वस्तात बनवायला सुरुवात केली. माझी आजी चाळीस वर्षांनी उशिरा जन्मली असती, तर दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आली असती.

म्हणून २०१७ मध्ये मला अंधुक दिसायला लागलं तेव्हा मी निश्चिंत होते. मोतीबिंदू असेल, काढून टाकू. पण लक्षण जरा वेगळं होतं. बाथरूमच्या फरशांमधल्या सरळ रेघा मला मधेच वाकलेल्या दिसत होत्या. डॉक्टरांनी एक चौकटींचा कागद पुढे धरला, अगदी मुलांच्या गणिताच्या वहीसारखा, मधे एक ठिपका. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. ॲम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरने १९४० च्या दशकात रूढ केलेली ही साधी तपासणी आहे. डाव्या डोळ्याला रेघा वाकड्या आणि मधल्या दोन-चार चौकटी गायब! वाचकहो, साठी उलटलेल्या प्रत्येकाने ही तपासणी घरी अधूनमधून करावी. रेघ वाकडी दिसली तर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू नये.

निदान झालं ते मॅक्युलाच्या झिजेचं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध मॅक्युला नावाचा लहानसा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं ही सगळी कामं त्याची. वयाबरोबर तो झिजतो. याचे दोन प्रकार, कोरडा आणि ओला. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरतात. त्यावर साधारण २००६ पासून डोळ्यात द्यायची इंजेक्शनं निघाली. ती माझ्या डाव्या डोळ्याने घेतली, त्यामुळे आहे तेवढं टिकलं. उजव्या डोळ्यात कोरडा प्रकार, तो सावकाश पण नेमाने वाढतो आहे. गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आता एक खुलासा. या आजारात मधलं जातं, कडेचं राहतं. त्यामुळे जमिनीवर पडलेला रबर बँड मला दिसतो, पण समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. तिथे करड्या रंगाचा डाग असतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटत होतं की बाईंना हल्ली गर्व झालाय, ओळख देत नाहीत. एक-दोघींनी असंही म्हटलं की दाणे निवडता येतात मग पेपर कसा वाचता येत नाही? रागावले नाही मी. मलाच ते समजायला वर्ष लागलं. एवढीच विनंती, की लिफ्टमध्ये भेटलात तर नाव सांगा. "बाई, ओळखलंत का?" असं विचारू नका हो, ती परीक्षा मी नापास होणार!

बेंजामिन फ्रँकलिन ऐंशीच्या घरात असताना दुहेरी भिंगाचा चष्मा वापरायचा. त्याने १७८५ च्या एका पत्रात लिहिलं आहे की पॅरिसमध्ये जेवताना या चष्म्यामुळे ताटातलं अन्नही दिसतं आणि बोलणाऱ्याचा चेहराही. त्यामुळे फ्रेंच भाषा जास्त चांगली समजते. चेहरा दिसला नाही की बोलणंही अर्धंच पोचतं, हे मी आता पटवून देऊ शकते.

आणखी एक गोष्ट सांगायची की नाही, यावर मी खूप विचार केला. सांगतेच. २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, मला समोरच्या इमारतीच्या गच्चीच्या कठड्यावर टोप्या घातलेली लहान मुलं बसलेली दिसायला लागली. आवाज नाही, काही नाही, नुसती बसलेली. मला माहीत होतं की तिथे कुणी नाही. आठ महिने मी हे कुणालाही सांगितलं नाही. वेड लागलं असं म्हणतील, मुलगा येऊन घेऊन जाईल, ही भीती. शेवटी धीर करून डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, याला नाव आहे." जिनिव्हाच्या शार्ल बॉने या विद्वानाने १७६० मध्ये आपल्या ८९ वर्षांच्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलं होतं. आजोबांची नजर मोतीबिंदूने गेली होती, बुद्धी शाबूत होती, आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. डोळ्यांकडून मजकूर येणं कमी झालं की मेंदू स्वतःच चित्रं भरतो. वेडाशी याचा संबंध नाही. आपल्या इमारतीत आणखी कुणी अशी मुलं मनात दाबून बसलं असेल, तर त्यांनी माझी बेल वाजवावी आणि डॉक्टरांनाही सांगावं. मुलं मला अजून कधीमधी दिसतात. आता ती माझ्या ओळखीची झाली आहेत.

मी एकटी कशी राहते, हा प्रश्न सगळे विचारतात. अवघड काही नाही, फक्त वस्तूंनी आपली जागा सोडायची नाही. साखरेच्या डब्याला एक रबर बँड, मिठाच्या डब्याला दोन. गॅसच्या बटणावर 'बंद'च्या जागी जाड टिकली चिकटवली आहे. स्टीलच्या ताटात पांढरा भात मला दिसत नाही, म्हणून गडद निळी ताटली आणली. चहा पांढऱ्या कपात, दूध गडद पेल्यात. दिवा डोळ्यांसमोर नाही, खांद्यामागून हातातल्या कामावर. नोटांचं म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेने १९९६ च्या गांधी मालिकेपासून आमच्यासाठी उठावाच्या खुणा ठेवल्या. आताच्या शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आहे, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. पण नोट जुनी झाली की उठाव झिजतो. लांबीने ओळखावी, तर शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटा अनुक्रमे १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर, म्हणजे फरक चार-चार मिलिमीटरचा! म्हणून मी पाचशेची नोट चौघडी घालते, दोनशेची दुमडते, शंभरची सरळ ठेवते. भाजीवाल्या मावशींना हे ठाऊक आहे, त्या सुट्टे त्याच पद्धतीने देतात. पुस्तकं फोन वाचून दाखवतो. त्याचे उच्चार ऐकून माझ्यातल्या शिक्षिकेला राग येतो, तो गिळते.

काठीचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. ब्रिस्टलचा एक छायाचित्रकार, जेम्स बिग्ज, अपघातात आंधळा झाला. रस्त्यावरच्या गाड्यांना आपण दिसावं म्हणून त्याने १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगवली. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या आंधळ्या सैनिकांना शिकवताना अमेरिकेत रिचर्ड हूवर याने ती लांब केली, पुढची जमीन चाचपता यावी म्हणून. म्हणजे काठीची दोन कामं झाली: आपल्याला वाट कळते आणि दुसऱ्याला आपण कळतो. मी दोन वर्षं काठी घेतली नाही. लोक काय म्हणतील, हेच कारण. आता घेते.

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट दिसते. शाळा, ब्रेल लिपी, संस्था, बहुतेक सगळं जन्मापासून किंवा तरुणपणी दृष्टी गेलेल्यांसाठी उभं राहिलं, आणि ते योग्यच झालं. पण म्हातारपणी अर्धवट नजर गेलेल्याला कुणी धड आंधळा मानत नाही आणि डोळसही मानत नाही. अशा अल्पदृष्टीच्या लोकांसाठी वेगळे दवाखाने अमेरिकेत निघाले ते १९५० च्या दशकात. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अंधत्वाशेजारी 'अल्पदृष्टी' हा शब्द स्वतंत्रपणे आला, आणि २०१६ च्या कायद्यातही तो आहे. तोवर आमच्यासारख्यांसाठी एकच वाक्य होतं: "आता वय झालं, बसा एका जागी."

आणि आता आपली इमारत.

सन २००४ च्या एका सभेचं इतिवृत्त या मुलीने मला वाचून दाखवलं. त्यात असं आहे: "तळमजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांनी प्रवेशद्वाराच्या चार पायऱ्यांना कठडा व तेथे जादा दिवा बसविण्याची लेखी विनंती केली. खर्चाचा विचार करता सध्या त्याची निकड नसल्याने विषय पुढील सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले." त्याच पानावर, दोन ठराव खाली, प्रवेशद्वारावर सोसायटीच्या नावाची पितळी अक्षरं बसवायला मंजुरी आहे. अक्षर माझं. 'सर्वानुमते' त्यातही मी होतेच.

मी मुलीला पुढच्या सभेचं पान काढायला सांगितलं. त्यात तो विषय नव्हता. त्याच्या पुढच्यातही नव्हता. मग एका पानावर त्या काकांची सदनिका भाड्याने देण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र दिल्याची नोंद सापडली. मला आठवलं. काका मुलीकडे राहायला गेले होते. आम्ही निरोप समारंभ केला, शाल दिली. "मुलीकडे चाललात, नशीबवान आहात," असं मीच भाषणात म्हटलं होतं. त्यांना जायचं होतं का, हे आम्ही कुणी विचारलं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आत ते धावपळ करत घरी का परतायचे, हेही तेव्हा कधी सुचलं नाही. माझ्या आजीच्या दोरीसारखाच तो चार पायऱ्यांचा कठडा होता, आणि मी तो पुढच्या सभेवर ढकलला होता.

२०१९ मध्ये आपण त्याच पायऱ्यांवर काळा चकचकीत ग्रॅनाइट बसवला. सुंदर दिसतो म्हणतात. मला पायरीची कड दिसेना, सगळा एक उतार वाटला, आणि मी पडले. मनगट मोडलं. मुलगा बंगळुरूहून आला आणि म्हणाला, "आई, चल आता. आम्ही आहोत ना." शब्द न् शब्द तोच! सूनबाईंनीही मनापासून बोलावलं. मी म्हटलं, एक सर्वसाधारण सभा होऊ दे, मग ठरवू.

त्या सभेत दीड तास चर्चा झाली. ग्रॅनाइटची शोभा जाईल, असं काहींचं म्हणणं होतं. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी मुद्दा काढला की रंगाची पट्टी मारली तर पावसात पाय घसरेल, आणि तो मुद्दा बरोबर होता. म्हणून खरखरीत पिवळी पट्टी ठरली. कठडा झाला, दिवा झाला. तिन्हींचा मिळून खर्च त्या वर्षीच्या गणपतीच्या रोषणाईपेक्षा कमी होता. हिशेब खजिनदारांकडे आहे. आज त्या कठड्याला बाळंतीण धरते, गुडघेदुखीवाले धरतात, पाण्याचा जार आणणारा मुलगाही धरतो. मी बंगळुरूला गेले ती पंधरा दिवसांसाठी, नातवाच्या मुंजीला. परत आले.

शेवटचा मुद्दा, आणि तो पुढच्या सभेचा आहे. पंचवीस वर्षांची आपली लिफ्ट बदलायची आहे. आलेल्या कोटेशनांपैकी एकात सपाट काचेचं, नुसता स्पर्श करायचं पॅनेल आहे. दिसायला झकास असेल. पण आताच्या लिफ्टची गोल, वर आलेली बटणं माझं बोट मोजतं: खालून एक, दोन, तीन, चौथं माझ्या तिसऱ्या मजल्याचं. सपाट काचेवर बोटाला काही कळणार नाही, उलट चाचपडताना सगळ्या मजल्यांची बटणं दाबली जातील आणि तुम्ही सगळे माझ्यावर चिडाल! उठावाची बटणं, त्यांवर उठावाचे आकडे आणि ब्रेल, आणि मजला बोलून सांगणारा आवाज, एवढं मागते. मला ब्रेल येत नाही, या वयात बोटांना येणारही नाही. पण उद्या या इमारतीत ते येणारं कुणी राहायला येईल.

आपण सगळे एकदमच इथे राहायला आलो आणि एकदमच म्हातारे होतो आहोत. आज बटण मला लागतं, दहा वर्षांनी आणखी कुणाला लागेल. हा विषय पुढच्या सभेच्या कामकाजपत्रिकेत घ्यावा, अशी मी लेखी विनंती करते. ती विनंती हाच लेख समजावा. आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याला एक सांगणं: 'पुढील सभेत' असं लिहिलंत, तर पुढच्या सभेत तो विषय खरंच घ्या. मी घेतला नव्हता.

रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सर्व सभासदांना, वॉचमनदादांना आणि सफाईच्या मावशींना मनःपूर्वक शुभेच्छा. भेटलात की नाव सांगा.